वर्गात नवीन काय वापरून पाहिलंत? शिक्षकांनो, खरे अनुभव लिहा

नदीकाठ
मी तळकोकणात जि.प. शाळेत चौथीला शिकवते. प्रशिक्षणाला गेलं की दरवेळी पंधरा-वीस अ‍ॅपांची नावं वहीत उतरवून आणतो आपण, पण त्यातलं दिवाळीच्या सुट्टीनंतरही वर्गात चालू राहिलं असं काय ते कोणीच सांगत नाही. म्हणून हा धागा. 'तंत्रस्नेही' म्हणून सत्कार झालेल्यांनीच लिहायचं असं काही नाही, फसलेलं पण लिहा.

माझ्यापासूनच सुरुवात करते. माझ्याकडे टिकलं ते प्लिकर्स. पोरांच्या हातात मोबाईल लागतच नाही त्याला, नुसती कागदाची कार्डं. प्रत्येकावर काळ्या चौकटींची वेगळी नक्षी, चार कडांना बारीक ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ती कड वर करून कार्ड धरायचं आणि मी माझा फोन वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर. शेजाऱ्याची नक्षी वेगळी असल्यामुळे बघून काही उपयोग नाही. पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. हौसेनं सगळी कार्डं चकचकीत लॅमिनेट करून घेतली होती, खिडकीकडच्या रांगेतल्या कार्डांवर ऊन चमकायला लागलं आणि फोनला काहीच दिसेना. त्यात पोरांचे अंगठे नक्षीवर. दोन दिवस नुसतं 'कार्ड कसं धरायचं' हाच तास! पण नंतर कळलं की जो मुलगा कधीच हात वर करत नव्हता त्याला भागाकार व्यवस्थित येत होता, आणि पहिल्या बाकावर जोरात "होऽ बाई" म्हणणाऱ्या तिघांना नव्हता येत.

पेनड्राइव्हवाला
माध्यमिक, विज्ञान, जिल्हा बीड. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि नेटचा तर त्याहून नाही. म्हणून मला फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करायचे प्रयोग) आवडली, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, भौतिकीचे नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेली, बरीचशी मराठीतही आहेत. घरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर न्यायची, नेट नसताना ब्राउझरमध्ये चालतात. विद्युत परिपथाचं लावलं होतं एकदा, एका लेकरानं बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडली तर स्क्रीनवर बॅटरीनं पेट घेतला की! मग काय, प्रत्येकाला येऊन बॅटरीच पेटवायची होती, मी म्हणलं पेटवा बाबांनो, खरी पेटवण्यापेक्षा ही बरी. अर्धा तास गेला पण शॉर्टसर्किट का होतं हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एकजण घरून टॉर्चचा बल्ब, सेल आणि वायरचा तुकडा घेऊन आला, "सर आता खरं करू". तो तास जास्त चांगला झाला हे पण सांगतो.

खडूची_भुकटी
मी रिटायरमेंटला आलेली बाई, माझं मत जरा कडू आहे, चालवून घ्या. एका शाळेत असताना मोठा टचवाला फळा आला, भिंतीवर बसवला, साहेब उद्घाटनाला येणार म्हणून त्याच्यावरचं प्लास्टिक तीन महिने काढलं नाही. साहेब आले नाहीत. पुढे उंदरानं वायर कुरतडली. आणि जे काही वापराल त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाका, लिंक भरा, पुन्हा भरा! मुलांकडे बघू का कॅमेऱ्याकडे.

नदीकाठ
फोटोंचं अगदी अगदी ताई.

मळ्यातली_शाळा
द्विशिक्षकी शाळा, सोलापूर जिल्हा. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं (१० लाख डॉलर, त्यातले निम्मे बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले), पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामामुळे नाव झालं, तेव्हापासून गावात कोणीही विचारतं, "गुरुजी तुमचं काय?" आमचं हे की रेंज फक्त मारुतीच्या देवळामागं येते. संध्याकाळी तिथल्या पारावर बसून उद्याच्या धड्याचे क्यूआर स्कॅन करायचे, दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरून व्हिडिओ उतरवून ठेवायचे. म्हातारी मंडळी म्हणतात गुरुजी रोज दर्शनाला येतात, भाविक माणूस!

पण मला सगळ्यात उपयोगी पडलेलं टूल विचाराल तर व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज. २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा व्हिडिओ कॉल वगैरे आमच्याकडे शक्यच नव्हतं, मग मी सांगितलं बापाचा फोन रात्री घरी आला की एक उतारा वाचून पाठवा. दुसरीतल्या एका पोरीचा मेसेज अजून ठेवलाय मी, मागे शेळी ओरडतीय, ही वाचतीय "पाऊस पला", आणि आजीचा आवाज येतो "पला न्हवं, पडला म्हण". आजी शाळेत गेलेली नाही. शाळा सुरू झाल्यावरही बंद नाही केलं ते. वर्गात जी मुलं तोंड उघडत नाहीत ती घरी फोनसमोर वाचतात, आणि कोण कुठल्या जोडाक्षराला अडखळतंय ते मला मागेपुढे करून ऐकता येतं.

बीजगणित_बंडू
जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्यांचं सॉफ्टवेअर), नववी. त्रिकोणाचा कोपरा धरून कसाही ओढा, कोनांची बेरीज १८० हे दाखवत होतो ऐटीत. मागून आवाज, "सर १७९.९९ येतंय". खरंच! ६०.३३, ५९.३३, ६०.३३. तो तास मग दशांशस्थळं आणि पूर्णांकन यावरच गेला. पोर्शन मागे पडला तो पडलाच.

शनिवारची_मराठी_शाळा
कॅलिफोर्नियात आठवड्यातून दीड तास मराठी शिकवते, इथे जन्मलेली मुलं. उपकरणं ढीगभर आहेत, तुटवडा मराठीचा. बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत, त्यातलं एकेक पान मोठ्या स्क्रीनवर लावून सगळे मिळून वाचतो. "पोस्टकार्ड म्हणजे काय" इथून गाडी सुरू होते. उच्चार तपासणारं एक अ‍ॅपही लावून पाहिलं, तर 'बाळ'चं 'बाल' म्हटलं तरी हिरवी खूण आणि वर शाबासकी. अ‍ॅपला चालत असेल, मला नाही चालत.

पेनड्राइव्हवाला
हा हा. एआयचं तसंच आहे. आठवीच्या व्याकरणाची वर्कशीट करून घेतली, दोन मिनिटांत वीस प्रश्न, खूश झालो. उत्तरं बघितली तर "रामाने रावणास मारले" कर्तरी प्रयोग म्हणून ठोकून दिलेलं! मग मराठीच्या मॅडमना गाठून सगळे वीस तपासून घेतले, एकूण वेळ वाचला का? नाही. आता मी प्रश्न काढायला वापरतो, उत्तरं आमची आम्ही.

खडूची_भुकटी
नदीकाठ, ती कार्डं माझ्या पाचवीला चालतील का गं? फोन माझा जुना आहे. आणि लॅमिनेशन नको तर मग टिकणार कशी, आमची मुलं दोन दिवसांत चुरगाळतील.

नदीकाठ
चालतील की! साध्या कागदावर प्रिंट काढा, लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवा. नक्षीच्या बाजूची पांढरी पट्टी कापू नका, तिथेच बोटं धरायची. आणि कार्डाच्या मागे हजेरी क्रमांक मोठा लिहा नाहीतर वाटण्यातच दहा मिनिटं जातात. कॅमेरा बरा असला म्हणजे झालं.

खडूची_भुकटी
पत्रिका ढीगभर आहेत घरी. सोमवारी करून बघते.