मदत हवी आहे: नोकरीसाठी प्लॅनर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. येत्या सोमवारपासून इंदुरातच पहिल्या नोकरीवर रुजू होतेय. कामं लिहून ठेवायला कागदी प्लॅनरच हवा. मोबाईलमध्ये टाकलेलं माझ्या लक्षात राहत नाही, हाताने लिहिलेलं राहतं.

काल राजवाड्याजवळ खजुरी बाजारात जाऊन आले. तारखा छापलेल्या डायऱ्या जानेवारीपासूनच्या, म्हणजे अर्धी पानं कोरीच जाणार. म्हणून बिनतारखेचा घ्यावा असं वाटतंय. पण रोजचं एक पान बरं, की समोरासमोरच्या दोन पानांवर अख्खा आठवडा? आठवडा एका नजरेत दिसला तर शुक्रवारची मुदत सोमवारीच कळेल. मात्र मीटिंगची टिपणं तेवढ्या चौकटीत मावतील का?

आणखी एक अडचण. बाबांनी दिलेल्या शाईच्या पेनानेच लिहायची माझी फार इच्छा आहे. दुकानातल्या ७० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर लिहून पाहिलं तर शाई फुटून मागे उमटली. १०० जीएसएम पुरेल का? आकार ए५च हवा, पर्समध्ये मावतो. स्पायरल की शिवलेली बांधणी? स्पायरलच्या तारेला डावं पान लिहिताना हात अडतो.

रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. जमलं तर भरलेल्या पानाचा फोटोही टाका. शनिवारी पुन्हा बाजारात जाणार आहे.