एजंटच्या टूलचे वर्णन लिहिताना नेमके काय आणि किती लिहावे?

खळे
आम्ही शेतमालाचे बाजारभाव सांगणारा एक एजंट, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारा मदतनीस प्रोग्राम, तयार करत आहोत. त्याच्याकडे दोन टूल, म्हणजे माहिती आणण्यासाठी मॉडेल वापरू शकते अशी फंक्शन, आहेत. 'गेट_रेट' याचे वर्णन 'दर आणते' एवढेच असून 'गेट_मार्केट_डेटा' याचे वर्णन 'बाजार समितीची माहिती आणते' असे आहे. या दुसऱ्या टूलमधून आवक आणि मागील महिन्याचे दर मिळतात. चाचणीत लासलगावचा आजचा कांद्याचा भाव विचारला असता एजंट कधी पहिले टूल वापरतो, तर कधी दुसरे. एकदा त्याने '१,८०० रुपये किलो' असे उत्तर दिले आणि लिलाव बंद असलेल्या रविवारी 'आज भाव शून्य आहे' असे सांगितले. मॉडेल बदलून पाहिले, सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिल्या जाणाऱ्या मजकुरात) सूचनांची भर घालून तो पानभर केला, तरी फरक पडला नाही. वर्णन किती मोठे असावे आणि ते मराठीत लिहावे की इंग्रजीत?

रात्रपाळी
मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्याच गोष्टी त्याच्यापर्यंत पोहोचतात. 'दर आणते' हे वाक्य तुम्हाला पुरते, कारण उरलेले सगळे तुमच्या डोक्यात आहे. अडतीवर नव्याने आलेल्या मुनिमाला जे तोंडी समजावून सांगाल, ते वर्णनात लिहा. मी असे लिहिले असते :

'एका बाजार समितीतील एका शेतमालाचे एका दिवसाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. दर रुपये प्रति क्विंटल, म्हणजे १०० किलोचे असतात. शेतकऱ्याने नुसता भाव विचारल्यास सर्वसाधारण दर सांगावा. यादी रिकामी आल्यास त्या दिवशी लिलावाची नोंद नाही असा अर्थ घ्यावा, दर शून्य आहे असा नव्हे. आवक किंवा मागील दिवसांचे दर हवे असल्यास हे टूल वापरू नये.'

यातील शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि दोन टूलमधील गोंधळ तर त्यानेच मिटतो. दुसऱ्या टूलचे नावही बदला. 'मार्केट_डेटा' या नावाखाली काहीही मावते.

चावडी
वरील मजकूर चांगला आहे, पण सगळा भार वर्णनावर टाकणे मला पटत नाही. एकक टूलच्या उत्तरातच द्यावे : 'रेट' ऐवजी 'रुपये_प्रति_क्विंटल' असे फील्डचे नाव ठेवले, तर मॉडेल उत्तर रचत असताना ते त्याच्या समोरच असते. तसेच रिकामी यादी पाठवण्यापेक्षा 'या तारखेला लिलावाची नोंद नाही' असे वाक्यच टूलने परत करावे. वर्णन हे सदोष टूलवरचे ठिगळ होऊ नये.

समितीच्या नावासाठी मोकळी स्ट्रिंग, म्हणजे काहीही लिहिता येईल अशी जागा, ठेवली असेल, तर तीही बदला. दरांच्या नोंदींत लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर ही वेगवेगळी नावे येतात आणि कांद्यातही लाल व उन्हाळी असा भेद असतो. अशा ठिकाणी स्कीमामध्ये मान्य मूल्यांची यादी द्यावी, म्हणजे मॉडेलला अंदाज बांधावा लागत नाही. 'आज' हा शब्दही फसवा आहे : मॉडेलला आजची तारीख आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती प्रॉम्प्टमध्ये द्या आणि पॅरामीटरच्या वर्णनात तारखेचा साचा लिहा.

लांबीबद्दल म्हणाल, तर सगळ्या टूलची वर्णने मॉडेलकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत समाविष्ट होतात. दोन टूल असताना पाच-सहा वाक्ये मुळीच जड नाहीत. पन्नास टूल असतील, तर हिशेब वेगळा. देवनागरी मजकुराला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागतात, म्हणून आम्ही वर्णन इंग्रजीत लिहितो, पण 'आवक', 'उन्हाळी कांदा', 'सर्वसाधारण दर' हे शब्द तसेच ठेवतो, कारण शेतकरी प्रश्न त्याच शब्दांत विचारणार.

खळे
दोघांचेही आभार. नाव बदलले, 'वापरू नये' हे वाक्य घातले आणि एकक फील्डमध्ये नेले. नेहमीचे चाळीस प्रश्न पुन्हा चालवले, त्यांत टूलची निवड एकदाही चुकली नाही. मात्र एक नवीनच घोटाळा झाला. समितीच्या पॅरामीटरच्या वर्णनात मी 'उदाहरणार्थ, लासलगाव' असे लिहिले होते. आता समितीचे नाव न घेता कोणी टोमॅटोचा भाव विचारला, तरी एजंट लासलगावचाच दर काढून देतो.

रात्रपाळी
उदाहरण एकच असले की मॉडेल त्यालाच पूर्वनिर्धारित मूल्य समजून बसते. मान्य नावांची यादी स्कीमामध्ये आहेच, तेव्हा उदाहरण काढून टाका आणि त्या जागी लिहा : 'शेतकऱ्याने समिती सांगितली नसल्यास स्वतः निवडू नये, त्यालाच विचारावे.' पॅरामीटर बंधनकारक असला, की काहीतरी भरलेच पाहिजे असे मॉडेलला वाटते, म्हणून विचारण्याची मुभा शब्दांत द्यावी लागते.

खळे
तसे केले. आता तो 'कोणत्या बाजार समितीचा दर हवा आहे?' असे विचारतो.