मदत हवी आहे: ऑफिसच्या पॉटलकसाठी स्लो कुकरमध्ये मेन डिश काय नेऊ? (२८ माणसं, शाकाहारी + ॲलर्जीवाले)

पुढच्या गुरुवारी आमच्या ऑफिसचं हॉलिडे पॉटलक (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण) आहे आणि यंदा मी यादीत मेन डिशच्या खाली नाव लिहून आले आहे. आम्ही मॅडिसनला असतो, विस्कॉन्सिनमध्ये. टीममध्ये २८ जण, देशी मी एकटीच. इथे डिसेंबरात पॉटलक म्हटलं की जो तो घरून स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) उचलून आणतो, चिली (मांस-राजम्याचा रस्सा), मीटबॉल, चीज घातलेले बटाटे, असे सहा-सात कुकर भिंतीलगत ओळीने लावलेले असतात. गेली दोन वर्षं मी फ्रोझन समोसे भाजून नेले, संपले पण, पण मी नवीन होते तेव्हा ह्या लोकांनी मला इतकं सांभाळून घेतलंय की एकदा तरी त्यांना आपल्याकडचं काहीतरी माझ्या हातचं गरमगरम खायला घालायचंय.

आता परिस्थिती सांगते. कुकर ६ क्वार्टचा (साधारण साडेपाच लिटर), साधाच, लो-हाय-वॉर्म एवढी तीनच बटणं. घरून साडेसातला निघते, जेवण बाराला, आणि लोक दीडपर्यंत येऊन वाढून घेतात. ऑफिसात शेगडी नाही, मायक्रोवेव्ह आहे पण त्या दिवशी तिथे रांग असते. चार जण शाकाहारी, एकीला ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही, एकाला तिळाची ॲलर्जी आणि एकाला काजू-बदामाची. तिखट मध्यम चालेल.

रविवारी ट्रायल म्हणून राजमा केला आणि तिथेच घाबरले. रात्रभर भिजवलेला राजमा, कच्चा कांदा, टोमॅटो, मसाले सगळं एकदम टाकून लोवर ८ तास ठेवलं. उघडलं तर दाणा कडकच, कांद्याला कच्चट वास, आणि वर पाणीच पाणी. अजून ३ तास ठेवलं, मी चव बघितली आणि नवऱ्याने वाटीभर खाल्लं, रात्री त्याला इतक्या उलट्या झाल्या की मी रडकुंडीला आले. आता ठीक आहे तो. पण हेच मी २८ जणांना घातलं असतं तर? काय चुकलं, आणि दुसरं काय करू जे पाच तास कुकरमध्ये राहूनही चांगलं लागेल, प्लीज सांगा, अगदी बेसिक असलं तरी सांगा.

बर्फातली_शेगडी:
ताई, आधी राजम्याचं बोलते कारण ते महत्त्वाचं आहे. बहुतेक राजम्यामुळेच झालं असणार. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळल्यावरच मरतं. स्लो कुकर लोवर हळूहळू तापतो, आतला दाणा पुरेसा तापतच नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा तर कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो. चार-पाच दाणेसुद्धा पुरतात. इथल्या एफडीएचं (सरकारी अन्न-औषध खात्याचं) सांगणं असं की किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं चांगला उकळा, मगच कुकरमध्ये घाला. आपल्याकडे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होतात म्हणून आपल्याला हे कधी कळतच नाही. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, तो बिनधास्त वापरा. दाल मखनीत राजमा घालणार असाल तर तिथेही हेच.

दाणा कडक राहण्याचं कारण वेगळं, टोमॅटो आणि चिंच असं आंबट आधी पडलं की कडधान्य मऊ व्हायला फार वेळ घेतं. आंबट नेहमी शेवटी. आणि झाकणामुळे वाफ बाहेर जात नाही म्हणून पाणी नेहमीपेक्षा बरंच कमी घालायचं. कांदा-लसूण कढईत परतूनच घाला, ह्या भांड्यात काही लाल होत नाही.

ह्या भांड्याचा जन्मच खरं तर कडधान्यासाठी झालाय. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं, आणि नंतर ते नॅक्सन बीनरी म्हणून विकायचे. शब्बाथच्या दिवशी ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत म्हणून आदल्या संध्याकाळीच मंद आचेवर ठेवायची चोलेंत नावाची डिश असते, तिच्या आठवणीवरून त्याला हे सुचलं. १९७१ पासून ते क्रॉक-पॉट नावाने घरोघरी गेलं. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, आपण दूध चुलीच्या उबेवर ठेवायचो तसंच की.

तिखटजाळ:
पावभाजी करा! आमच्याकडे तीन वर्षं मी हीच नेते. भाजी आधीच घोटलेली असते त्यामुळे पाच तासांत लगदा व्हायची भीतीच नाही, उलट मुरते. शाकाहारी आहे, काजू नाहीत, तीळ नाहीत (मसाल्याच्या पाकिटावर एकदा वाचून घ्या), आणि पाव वेगळे ठेवले की भाजी ग्लुटेन नसलेली राहते. त्या बाईंसाठी बाजूला वाटीभर भात किंवा मक्याच्या टॉर्टिया ठेवा.

पण कच्च्या भाज्या कुकरमध्ये टाकून करू नका, बटाटा कडक राहतो आणि फ्लॉवरचा वास मजल्यावर पसरतो. आदल्या रात्री कढईत पूर्ण करा. मग पसरट भांड्यात काढून लवकर गार करून फ्रिजमध्ये. सकाळी पातेल्यात रटरटेपर्यंत गरम करा (१६५ फॅरनहाइट झालं पाहिजे), कुकर रिकामाच हायवर तापवून ठेवा आणि त्यात ओता. फ्रिजमधलं गार अन्न थेट स्लो कुकरमध्ये तापवायला ठेवायचं नाही, तासन्‌तास कोमट राहतं आणि तिथेच बिघडतं. ऑफिसात गेल्या गेल्या प्लग लावून वॉर्मवर, १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. सारखं झाकण उघडून बघू नका.

अंदाज असा: दोन तृतीयांश भरला तर १६ कप भाजी. बाकीचे पण पदार्थ असतात, लोक अर्धा ते पाऊण कपच घेतात, म्हणजे २०-३० जणांना पुरेल.

मांडवीकाठी:
माझं मत वेगळं. मी पोर्क विंदालू नेतो, खांद्याचं मांस लोवर ८ तास, व्हिनेगरमुळे दुसऱ्या दिवशी जास्तच छान लागतं. पण तुमच्याकडे चार शाकाहारी आहेत तर एकच कुकर असताना पावभाजीच बरोबर वाटते. आणि चिकन करायचं मनात आलंच तर बोनलेस थाय (मांडीचं मांस) घ्या, ब्रेस्ट कोरडं पडतं, आणि दही फाटतं म्हणून नारळाचं दूध घाला, तेही शेवटच्या अर्ध्या तासात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला राजमा आता मार्चपर्यंत नको. पावभाजी नक्की. आधी गोड्या मसाल्याची मसूर आमटी डोक्यात होती पण माझ्या आईच्या गोड्या मसाल्यात तीळ आहेत आणि आमटीच्या फोडणीत हिंग, हिंगात गव्हाचं पीठ असतं हे मला आत्ता डबी वाचून कळलं! म्हणजे दोघांना एकदम त्रास झाला असता.

प्लग_पॉइंट:
एक राहिलं. आमच्याकडे गेल्या वर्षी सगळे कुकर एकाच एक्स्टेन्शनवर लावले, कुणीतरी त्याच लाइनवर कॉफी मशीन सुरू केलं आणि ब्रेकर उडाला, अर्धा तास कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि जेवण गार. इथली साधी लाइन १५ ॲम्पिअर, म्हणजे १८०० वॅट. एक स्लो कुकर साधारण २००-३०० घेतो, पण मायक्रोवेव्ह एकटाच हजाराच्या वर जातो. तर लवकर जा, भिंतीतलं सॉकेट पकडा, आणि दर तासाला हात लावून बघा भांडं गरम आहे का.

तिखटजाळ:
आणि गाडीत नेताना झाकण दोरीने हँडलला बांधा, खाली जुना टॉवेल, आणि सीटवर नाही तर पायाशी ठेवा. मी एकदा सीटवर ठेवला होता, वळणावर आडवा झाला. अजून वास येतो.

धागाकर्ती:
पायाशीच ठेवते. लवकर जाऊन सॉकेट पण पकडते. शनिवारी पूर्ण ट्रायल करणार आहे, साडेसात ते दीड घड्याळ लावून. एकच विचारायचंय, लोणी आधीच घालू की वाढताना वर? वरचा गोळा मला फार आवडतो, पण एकजण दूध-लोणी अजिबात खात नाही असं आजच कळलं.

बर्फातली_शेगडी:
भाजी तेलात करा, लोणी वेगळ्या वाटीत ठेवून शेजारी चिठ्ठी लावा. कांदा, कोथिंबीर, लिंबूही तसंच वेगळं. पाव शक्यतो सकाळी घरीच भाजून फॉइलमध्ये न्या, ऑफिसच्या टोस्टरमध्ये २८ जणांचे होणार नाहीत. आणि शनिवारचं कसं झालं ते इथे नक्की लिहा.