वारा आमच्या बागेवर, यंत्र दुसऱ्या गावात: वाऱ्याची भरपाई कशावरून ठरवायची?

तापीथडी_रावेर
परवा संध्याकाळी थडीवरच्या आमच्या गावावर वावटळ आली. दहा मिनिटांचा खेळ. वस्तीचे पत्रे पात्रात जाऊन पडले, निसवलेली केळीची बाग घडांसकट आडवी. शेजारच्या गावात केळीचं पानही फाटलं नाही. पीकविम्यात महसूल मंडळाच्या (काही गावांचा गट) हवामान केंद्रावर ताशी 40 किमी वारा नोंदला गेला तरच पुढचं बोलणं. केंद्र आमच्यापासून नऊ किमी. शे-दोनशे मीटरचा पट्टा यंत्राला कसा दिसणार? ही अट काढा, बांधावरचा पंचनामा धरा.

यावलकर
दादा, नुकसान वाईटच, पण हे पटत नाही. यंत्र कोणाचं तोंड बघत नाही. पंचनाम्यात ओळखीच्याची बाग आधी मोजतात, आम्ही भोगलंय. उभी बाग आडवी लिहिली गेली की हप्ता सगळ्यांचा वाढतो. यंत्रं गावोगाव बसवा.

तापीथडी_रावेर
भाऊ, गावोगाव बसवली तरी पट्टा दोन यंत्रांच्या मधून जाईल. अमेरिकेत वर्षाला हजारावर टोर्नॅडो, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या जोरदार वावटळी, होतात, तिथेही जोर ठरतो तो मागाहून पडझड बघून. वादळांचे अभ्यासक फुजितांनी 1971 मध्ये ती प्रतवारी बसवली, 2007 पासून तिचंच सुधारलेलं रूप चालतं. तिथे मोडलेलं घर पुरावा, मग माझं मोडलेलं खोड का नाही?

कंदवाला_चोपडा
टोर्नॅडो म्हणायची घाई नको. ढगातून खाली आदळलेला वाराही बाग झोपवतो. खोडं एका दिशेला किंवा मधून बाहेर पसरलेली असतील तर तो वरून आदळलेला वारा. एकमेकांवर आडवीतिडवी असतील तर फिरता. बाग साफ करायच्या आधी फोटो काढून ठेवा.

तापीथडी_रावेर
वरच्या अंगाला सगळी पूर्वेकडे. नदीकडच्या चार ओळींत मात्र गुंता. फोटो आहेत.

भुसावळची_नात
माझे आजोबा म्हणायचे, तापी आडवी आहे, वावटळ पाणी ओलांडत नाही. त्यावर विसंबू नका. 1840 मध्ये अमेरिकेत नॅचेझला टोर्नॅडो मिसिसिपी नदीवरूनच आला, 317 माणसं गेली, त्यातली बहुतेक होड्यांवरची. आणि तुम्ही दोघंही केळीवरच बोलताय. केळीला विमा तरी आहे. थडीवरच्या मजुराचा पत्रा गेला, त्याचं आधी लिहा ना.

यावलकर
ताईंचं खरं. दादा, यंत्राची अट मी सोडणार नाही. पण पंचनामा व्हायचाच असेल तर परगावचा एक शेतकरी समोर उभा पाहिजे.

तापीथडी_रावेर
उद्या सकाळी सातला तलाठी येणार आहेत. पहिल्यांदा वस्तीवर जाऊ, मग बागेत. तुम्हीच या, भाऊ.