सुपरहिरोला उशीर व्हायला हवा: जुने सुपरहिरो सिनेमे आजच्यांपुढं टिकतात का?

परभणीकर (धागा सुरू करणारे)

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दर नव्या सुपरहिरो सिनेमाला हाच वाद पेटतो. पोरं म्हणतात, १९७८चा ‘सुपरमॅन’ आता बघवत नाही, लई संथ आहे, उडताना खोटा वाटतो. म्हणून इथं सविस्तर मांडायलो. रिचर्ड डोनरचा तो ‘सुपरमॅन’ आणि सॅम रायमीचा ‘स्पायडर-मॅन २’ (२००४), हे दोन सिनेमे गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक सुपरहिरो सिनेमांपेक्षा आजही सरस आहेत. बालपणीची ओढ बाजूला ठेवून, पुन्हा बघून सांगतोय. त्या सिनेमांतल्या नायकाला उशीर होतो, आणि सगळा जीव तिथंच आहे.

‘सुपरमॅन’मध्ये पोशाखातला सुपरमॅन दिसायलाच पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात शेतावरचा म्हातारा बाप पोराशी बोलत घराकडं निघतो, मध्येच हात धरतो आणि कोसळतो. हृदयविकार. आगगाडीपेक्षा जोरात पळणारं पोरगं तिथंच आहे आणि त्याला काहीच करता येत नाही. अंत्यविधीला तो आईला तेच बोलून दाखवतो. पुढचा अख्खा सिनेमा या एका प्रसंगावर उभा आहे.

सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हचा एक शॉट तर अभिनय शिकणाऱ्या पोरांना दाखवावा असा आहे. त्याची आवडती पत्रकार लोइस आतल्या खोलीत गेलेली, क्लार्क, म्हणजे साध्या वेषातला सुपरमॅन, बाहेर एकटा. तो चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, खांदे मागं घेतो, आवाज खाली आणतो. डोळ्यांदेखत माणूस उंच होतो. मग तिला खरं सांगायचं धाडस गळतं आणि पुन्हा खांदे पडतात, चष्मा नाकावर येतो. यात एकही इफेक्ट नाही.

‘स्पायडर-मॅन २’मध्ये तर उशीर हेच कथानक आहे. पीटर पार्करला, म्हणजे स्पायडर-मॅनला, पिझ्झा पोचवायला उशीर, नोकरी गेली. वर्गात उशीर. भाडं थकलेलं. आवडत्या मेरी जेनच्या नाटकाला उशीर, दारावरचा माणूस आत सोडत नाही. धुलाईच्या मशीनमध्ये त्याच्या पोशाखाचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागतो. जग वाचवणाऱ्या पोराला साधं आठवड्याचं वेळापत्रक जमत नाही, हे बघून छातीत कालवतं.

आता आजचं बघा. मार्व्हलच्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) निम्मं विश्व नाहीसं झालं तेव्हा थेटरात सन्नाटा होता. वर्षभरात ‘एंडगेम’ आला आणि बहुतेक सगळे परत. त्यानंतर अनेक विश्वांचा खेळ सुरू झाला. इथं मेला तर दुसऱ्या विश्वातून आणू. मग मी भ्यायचं कशाला? कोणाला उशीर होतच नाही, कारण वेळ संपतच नाही.

सिडकोवाली

दादा, तुमचा मुद्दा मनापासून आवडला, पण तुम्ही ‘सुपरमॅन’चा शेवट गाळलात. लोइस मरते आणि तुमचा नायक पृथ्वीभोवती फिरून काळ उलटा करतो. ती जिवंत. अनेक विश्वांचा खेळ तुम्हाला खटकतो, मग हे काय आहे? आजच्या सिनेमांनी निदान त्या पळवाटेसाठी तीन-तीन तास खपून नियम तरी मांडले.

दुसरं, तुम्ही ज्या सिनेमांना डोक्यावर घेताय त्यात बाईला काम काय आहे? लोइस हेलिकॉप्टरला लटकते. मेरी जेन रायमीच्या तिन्ही सिनेमांत शेवटी कुठंतरी अडकलेली असते: पहिल्यात पुलावर, दुसऱ्यात खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या अड्ड्यावर, तिसऱ्यात जाळ्यात लोंबणाऱ्या टॅक्सीत. मी लहानपणी केबलवर हे सगळे हिंदी डब सिनेमे बघितले आणि खेळताना माझ्या वाट्याला कायम ‘वाचवून घेणारी’ यायची. भाऊ जाळं फेकायचा, मी गच्चीच्या कठड्यापाशी उभी.

२०१७ला ‘वंडर वूमन’ आला. पॅटी जेन्किन्सनं दिग्दर्शित केलेला. पहिल्या महायुद्धाचे खंदक, पुढं कोणीच जात नाही, सगळे सांगतात की इथं आपल्याला काही करता येणार नाही, आणि ती शिडी चढून वर येते. गोळ्या ढालीवर झेलत चालत राहते. मला तो प्रसंग वयाच्या तिशीत बघायला मिळाला. उशीर म्हणता ना, हा उशीर मोजा.

आणि ‘ब्लॅक पँथर’ (२०१८)? सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला सुपरहिरो सिनेमा. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. त्यातला खलनायक किलमाँगर याचा प्रश्न सरळ आहे: तुमच्याकडं एवढं सामर्थ्य होतं, मग जगभर आमची माणसं चिरडली जात असताना तुम्ही लपून का बसलात? नायक शेवटी त्या प्रश्नापुढं झुकतो आणि आपल्या लपलेल्या देशाची दारं उघडतो. १९७८च्या ‘सुपरमॅन’मधल्या खलनायकाला, लेक्स ल्यूथरला, काय हवं होतं? वाळवंटातल्या जमिनीला भाव.

परभणीकर

ताई, पृथ्वीचा मुद्दा येणार हे ठाऊक होतं. पण त्याआधी काय घडतं ते बघा. ल्यूथरनं दोन क्षेपणास्त्रं सोडलीत. ल्यूथरच्या तावडीतून सुपरमॅनला सोडवणारी बाई वचन घेते की आधी न्यू जर्सीकडं जाणारं थांबव, तिथं माझी आई आहे. तो शब्द पाळतो. शब्द पाळला म्हणून दुसऱ्याला उशीर होतो, भूकंप होतो. मग तो धरण, शाळेची बस, आगगाडी सगळं सांभाळत बसतो आणि लोइस राहून जाते. मानवाच्या इतिहासात हात घालू नकोस ही जन्मदात्याची आज्ञा तो मोडतो, कारण त्याला वाढवणारा शेतावरचा बाप आधीच डोळ्यांसमोर गेलाय. हा नियमभंग माणसाचा आहे. बायकांच्या भूमिकांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

रोटोवाला

मी मूळचा जालन्याचा, आता पुण्यात व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या दृश्य इफेक्ट्सच्या कामात आहे. रोटो करतो, म्हणजे चित्रातल्या माणसाची कड फ्रेमगणिक कोरून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करायचा. सेकंदाला चोवीस फ्रेम. वाऱ्यावर उडणारा अंगरखा किंवा विस्कटलेले केस आले की एकेका शॉटला दिवस जातात. त्यामुळं ‘आजकाल सगळं कॉम्प्युटर करतो’ हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. हाताचंच काम आहे हे. हॉलिवूडच्या सिनेमांचं किती काम मुंबई-चेन्नईच्या पोरापोरींनी केलंय, हे शेवटच्या नामावलीत थांबून बघा.

जुन्या कामाबद्दल आदर आहेच. ‘सुपरमॅन’साठी झोरान पेरिसिकनं जी युक्ती काढली तिला तोड नाही. कॅमेऱ्याला आणि समोरून पार्श्वभूमी टाकणाऱ्या प्रोजेक्टरला, दोघांनाही झूम भिंग बसवलं आणि ती एकमेकांशी जोडली. दोन्ही एकदम फिरतात, त्यामुळं मागचं चित्र आहे तेवढंच राहतं आणि जागच्या जागी लटकलेला रीव्ह मात्र आपल्याकडं झेपावल्यासारखा दिसतो. त्या सिनेमाच्या इफेक्ट्सला खास ऑस्कर मिळालं. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की शूटिंगच्या दिवशीच दिग्दर्शकाला ठरवावं लागायचं: प्रकाश कुठून, माणूस कुठं बघतोय, मागं काय आहे.

आज ते नंतर ठरवता येतं. मागं आकाश ठेवायचं की शहर, हे पुढं बघू म्हणून सेटवर सपाट उजेड मारतात, आणि निर्णय प्रदर्शनाच्या तोंडावर होतो. तुम्हाला जे ‘खोटं’ वाटतं ना, ते बहुतेक वेळा हा उशिरा झालेला निर्णय असतो. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये ऑक्टोपसचे लोखंडी हात बऱ्याच शॉट्समध्ये खरे, माणसांनी हलवलेले बाहुले होते, आणि जिथं जमेना तिथं संगणक. ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उभा उलटवला. तिथं काय हवंय हे आधी पक्कं होतं. साल जुनं की नवं, याला माझ्या लेखी किंमत नाही.

औसेकर

मी सिनेमावर एवढा विचार करणारा माणूस नाही, पण परभणीकरांनी भूकंप काढला म्हणून लिहायलो.

आमचा औसा तालुका. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, माणसं झोपेत. दहा हजारांच्या आसपास लोक गेले. त्या ढिगाऱ्याजवळ उभं राहिलेल्याला पडक्या घराचा वास कळतो. ओली माती, धान्य, आणि मग दुसरा वास.

सुपरमॅनचाच ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) मी मोठ्या उत्साहानं बघायला गेलतो. शेवटच्या मारामारीत इमारतीमागून इमारती पडायल्या आणि पडद्यावर एकही माणूस नीट दिसेना. लोक शिट्ट्या मारायले होते, मी बाहेर येऊन बसलो. एवढ्या काँक्रीटखाली किती जण असतील हे त्या सिनेमाला त्या घडीला विचारावंसंच वाटत नाही.

जुन्या ‘सुपरमॅन’मध्ये भूकंप एका गाडीवर येऊन थांबतो. जमीन फाटते, गाडी आत जाते, काचेतून माती आत यायला लागते, आणि ती बाई ओरडती. बस एवढंच. तो येतो, गाडी उपसून काढतो, दार उघडतो, तिला बाहेर ठेवतो. तिच्या तोंडावर माती आहे. आमच्याकडं माणसं अशीच बाहेर काढलीत. नंतर त्यानं पृथ्वी फिरवली का आणखी काय केलं, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. ज्यांनी कोणी हे लिहिलं, त्यांना मातीखाली गेलेलं माणूस म्हणजे काय हे माहीत होतं.

सिडकोवाली

औसेकर काका, तुमच्या लिहिण्यापुढं वाद घालायला जीव होत नाही. तरी एक सांगते, कारण हा प्रश्न नव्या सिनेमांनीही अंगावर घेतलाय. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या (२०१६) सुरुवातीलाच त्या पडणाऱ्या इमारती येतात, फक्त या वेळी कॅमेरा खाली रस्त्यावर आहे. ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, धुरळ्यात पळतोय, त्याची माणसं त्या इमारतीत आहेत. बाकीचा सिनेमा फसला, मला मान्य. पण ती सुरुवात म्हणजे तुमच्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे.

त्याच वर्षीच्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये एक आई टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, गाठून सांगते की तुमच्या लढाईत माझा मुलगा गेला. त्यातला खलनायकही ढिगाऱ्यात घरच्यांना गमावलेला, कसलीच अचाट शक्ती नसलेला माणूस आहे. सुपरहिरोंवर कायद्याचा अंकुश हवा की नको, यावरून पुढं नायकच एकमेकांवर उठतात. जुन्या सिनेमात हा प्रश्न कुठं आला? दाखवा.

क्लासवाला लातूर

मी नीटची तयारी करायलोय, रविवारी टेस्ट झाल्यावर रूमवर आम्ही सिनेमा बघतो. मोठ्या माणसांनो, तुम्ही सगळे ‘स्पायडर-व्हर्स’ (२०१८) विसरलात. कार्टून म्हणून सोडलं असेल तर चूक करताय.

त्यातला नवखा स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला जंगलात पळताना अडखळत, धक्के खात पळाल्यासारखा दिसतो, आणि सोबतचा अनुभवी पीटर पार्कर एकदम गुळगुळीत. कारण माइल्सचं चित्र दर दोन फ्रेमना एकदा बदलतं आणि पीटरचं प्रत्येक फ्रेमला. शिकाऊ पोरगं कमी चित्रांत काढलंय! नंतर तो उंच इमारतीवरून उडी मारतो तेव्हा त्याची बोटं काचेला चिकटलेली असतात. म्हणजे हात सोडायची भीती आहे, तरी उडी मारतो, आणि काच तुटून सोबत जाते. परभणीकर सर, तुमच्या रीव्हच्या चष्म्याच्या शॉटला तोडीस तोड आहे हा. एकदा बघा आणि मग बोला.

मुख्य म्हणजे यातही काका मरतात, तेही माइल्सच्या डोळ्यांसमोर, आणि ते परत येत नाहीत. अनेक विश्वं असून येत नाहीत.

गोदाकाठ

नांदेडहून. हॉलिवूडवरच भांडायलात म्हणून सांगतो, ‘मिन्नल मुरली’ (२०२१) बघा, मल्याळम. केरळातलं गाव, वीज पडते ती एका शिंप्यावर आणि एका चहाच्या दुकानात काम करणाऱ्यावर. एक नायक होतो, दुसरा खलनायक. दुसऱ्याला आयुष्यभर एकच बाई हवी होती आणि गावानं त्याला कधी माणसात धरलं नाही. नवा सिनेमा, जुना जीव. मराठीत २०१५ला ‘बाजी’ येऊन गेला. त्यानंतर आपल्याकडं कोणी मनावर घेतल्याचं दिसलं नाही, याचं वाईट वाटतं. आपल्या गावांत काय कमी गोष्टी आहेत?

परभणीकर

क्लासवाल्या पोरा, तो काचेचा शॉट आत्ताच पुन्हा बघितला. खरंच भारी आहे. गोदाकाठ, ‘मिन्नल मुरली’ तर माझ्याच बाजूचा साक्षीदार झाला. त्यातल्या चहाच्या दुकानातल्या शिबूला सगळंच उशिरा मिळतं.

पण ताई, एक बघा. गेल्या काही वर्षांत लोक थेटरात खऱ्या अर्थानं रडले तो मार्व्हलचा सिनेमा ‘नो वे होम’ (२०२१). आणि त्यात रडवायला कोण लागलं? रायमीचा स्पायडर-मॅन टोबी मॅग्वायर आणि रायमीचाच डॉक्टर ऑक्टोपस. जुन्या कणगीतलंच धान्य काढलं ना शेवटी?

सिडकोवाली

दादा, तुम्ही मॅग्वायर बघितला, मी अँड्र्यू गारफिल्ड बघितला. त्याच्या २०१४च्या स्पायडर-मॅन सिनेमात त्याची प्रेयसी ग्वेन खाली पडते, हा जाळं फेकतो, जाळं तिला धरतंसुद्धा, पण क्षणभर उशीर झालेला असतो आणि तिचं डोकं खाली आपटतं. तो सिनेमा फारसा कोणाला आवडला नाही, तेव्हा आपणही विसरलो. ‘नो वे होम’मध्ये आजच्या पीटरची प्रेयसी एम.जे. तशीच पडते, तिचा पीटर पोचू शकत नाही, आणि गारफिल्ड उडी टाकून तिला झेलतो. तिला जमिनीवर ठेवताना त्याचा चेहरा बघा. ती विचारते, तू ठीक आहेस ना, आणि त्याला बोलता येत नाही. हा मधला सात वर्षांचा उशीर एका सिनेमात मावला नसता. त्याला मालिका लागते, दुसरं विश्व लागतं, म्हणजे तुम्ही ज्याला नावं ठेवलीत तेच सगळं लागतं.

आणि त्याच सिनेमाच्या शेवटी पीटरला सगळं जग विसरतं. तो एकटा भाड्याच्या खोलीत राहायला जातो, स्वतः पोशाख शिवतो. ते कोणी परत फिरवलं नाही.