मदत हवी आहे: रीसेल फ्लॅटचा पहिला करारनामा हरवलाय

कर्वेनगरला १९९६ च्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके पसंत पडलाय. सोसायटी रजिस्टर्ड, कन्व्हेअन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं. विक्रेते काका सरळ माणूस आहेत. त्यांचा २००९ चा करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा) सगळं जागेवर. पण बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला मूळ करारनामा सापडत नाही. नुसती झेरॉक्स आहे, शिक्का अर्धा कापलेला, दस्त क्रमांक तेवढा वाचता येतो. बँकेचे वकील मूळ प्रतच मागतात. दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केलाय, काकांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार दिलीय. कर्जाशिवाय जमणार नाही, म्हणून टोकन अजून दिलेलं नाही.

प्रमाणित प्रत, तक्रार आणि पेपरातली जाहीर नोटीस एवढ्यावर कुणाला गृहकर्ज मिळालंय का? आणि नोटीस विक्रेत्याच्या वकिलांनी द्यायची की आमच्या?