सोमालीलँडला परकीय मदत मिळाली नाही हे त्यांच्या पथ्यावर पडलं का?

कोरडवाहू
गेले काही दिवस सोमालियाच्या उत्तरेकडच्या सोमालीलँडबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. १८ मे १९९१ ला त्यांनी सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं, पण पुढची तीसेक वर्षं कोणी मान्यताच दिली नाही. मान्यता नाही म्हणजे जागतिक बँकेचं कर्ज नाही, नाणेनिधी नाही, सरकारी तिजोरीत थेट परदेशी पैसा नाही. कमाई काय, तर बर्बेरा बंदर. तिथून शेळ्यामेंढ्या आणि उंट सौदीला जातात, त्यावरची जकात.

तर १९९२ मध्ये पहिले अध्यक्ष तूर यांनी ते बंदर फौजेच्या जोरावर घ्यायला बघितलं आणि तिथल्या ईसा मूसा कबिल्याने त्यांना रोखून धरलं. मला वाटतं बाहेरून डॉलर येत असते तर तूरनी अजून शस्त्रं घेऊन पुन्हा चाल केली असती, पण खिसा रिकामा होता म्हणून बोलणी करावी लागली. मग १९९३ ची बोरामा गावातली परिषद, कबिल्यांचे वडीलधारे कित्येक महिने बसले, एगाल अध्यक्ष झाले आणि गुर्ती म्हणजे वडीलधाऱ्यांचं सभागृह राज्याच्या रचनेतच बसवलं गेलं. २००३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आयोगाने जाहीर केलेला फरक फक्त ८० मतांचा होता, तरी हरलेल्या सिलान्योंनी शेवटी निकाल मानला आणि २०१० ला तेच जिंकले तेव्हा आधीचे अध्यक्ष रियाले खुर्ची सोडून गेले.

उलट १९९१ पर्यंत अख्ख्या सोमालियावर राज्य करणारा हुकूमशहा सियाद बारे, त्याला आधी सोव्हिएत आणि मग अमेरिकेची मदत होती, आणि त्याच सरकारने १९८८ मध्ये स्वतःच्याच देशातलं हर्गेसा शहर (आजची सोमालीलँडची राजधानी) विमानातून बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केलं. ज्याला जनतेकडून काही घ्यायचंच नाही तो जनतेला कशाला विचारेल?

उंबरठा
पटलं नाही. इरिट्रिया बघा, मदत नको, स्वावलंबन हवं असंच म्हणत आले, १९९३ पासून स्वतंत्र आहेत आणि आजतागायत एक राष्ट्रीय निवडणूक नाही. मदत नसली की सरकार आपोआप उत्तरदायी होतं हे कुठून आलं?

कोरडवाहू
आपोआप होतं असं म्हणत नाहीये मी. इरिट्रियाकडे लढून तयार झालेली एकसंध फौज होती, ती लोकांना सक्तीने राष्ट्रीय सेवेत ठेवते, परदेशी राहणाऱ्यांकडूनही दोन टक्के कर घेते, तिथे नाही म्हणायची सोय कोणाला आहे? बर्बेराच्या लोकांना होती. पैसे देणारा नाही म्हणू शकतो का, सगळं त्यावर आहे.

सायली_म
मग मुद्दा मदतीचा राहिलाच कुठे, ताकदीच्या वाटणीचा झाला ना. बोट्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झालं तेव्हा बजेटचा मोठा वाटा ब्रिटिश अनुदानाचा होता, तरी तिथे नियमित निवडणुका झाल्या. आणि सोमालीलँडमध्ये मदत अजिबात नव्हती हेही खरं नाही, संयुक्त राष्ट्रं आणि एनजीओ होत्याच, फक्त पैसा सरकारच्या हातात जात नव्हता.

कोरडवाहू
बोट्स्वानाचा मुद्दा मान्य. पण तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे, लोकांपर्यंत थोडं पोचलं आणि सत्ताधाऱ्यांच्या हातात आयतं काही पडलं नाही.

उंबरठा
उत्तरदायी, पण कोणाला? एगालनी पैसा उभा केला तो मोठ्या व्यापाऱ्यांकडून कर्ज घेऊन, म्हणजे अध्यक्षाने आधी ऐकायचं ते व्यापाऱ्यांचं. त्या गुर्तीची तर आजवर निवडणूकच नाही, स्वतःची मुदत वाढवत बसलेत, आणि २०२२ मध्ये त्यांनीच अध्यक्ष बिहींना दोन वर्षं वाढवून दिली. २०२३ मध्ये पूर्वेकडच्या लास अनोद शहरात सोमालीलँडच्या फौजेशी लढाई झाली, तिथल्या लोकांना हे सरकार आपलं वाटतच नव्हतं. जे जकात देतात त्यांच्याशी बोलणी आणि जे देत नाहीत त्यांच्यावर तोफा, याला मी उत्तरदायित्व म्हणणार नाही.

कोरडवाहू
लास अनोदबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, ते मलाही बोचतं. मुदतवाढही चूकच होती. पण नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली, बिही हरले, विरोधी पक्षाचे इरो जिंकले आणि सत्ता शांतपणे गेली, तेही बघा. मोगादिशूतल्या, म्हणजे सोमालियाच्या, सरकारामागे इतकी वर्षं परदेशी पैसा आणि परदेशी सैनिक उभे आहेत, तिथे सामान्य माणसाला मत देऊन थेट अध्यक्ष निवडता आलेला नाही.

सायली_म
हे सगळं वाचताना मला गुरं राखणारे आठवतात. रिफ्ट व्हॅली ताप या जनावरांच्या रोगामुळे सौदीने २००० मध्ये तिथल्या जनावरांची आयात बंद केली ती २००९ पर्यंत. तिजोरी आटली, आणि बाहेरून हात द्यायला कोणी नाही. पथ्यावर पडलं म्हणताना त्या नऊ वर्षांत ज्याचा कळप विकला गेला नाही त्यालाही विचारायला हवं.